चेलोशेजारची खुर्ची

टेल्च, २४ ऑक्टोबर १८२४

चि. किलिआन यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोचलं म्हणजे काय, गावभर गाजलं. टपालगाडीवाल्यानं ते थेट बाबांच्या हातात दिलं आणि बाबांनी ते भर चौकातच फोडलं. मी खिडकीतून बघत होते. आधी पाववालीला वाचून दाखवलं, मग चर्चच्या पायरीवर धाकटे पाद्री रेमिगी भेटले त्यांना, मग औषधांच्या दुकानात शिरून कुबातसाहेबांना. घरी येईतो कागद मऊ पडला होता. दारातूनच ओरडले, "अपोलेना, माझ्या मुलानं मला व्हिएन्नाला बोलावलंय! चेलो घेऊन! कुणाच्या जेवणघरात नाही, हॉलमध्ये! लोक तिकिटं काढून येणार आणि गप्प बसणार!"

मागून कुबातसाहेब लंगडत आले होते. "कुठला हॉल म्हणायचा?" त्यांनी विचारलं. "हो हो, जानेवारीत," बाबा म्हणाले आणि आत जाऊन चेलोवरची चादर काढून बसले.

इकडे सगळं ठीक आहे. तळी उपसून कार्प काढायचं काम चालू आहे, त्यामुळे गावभर चिखलाचा वास आणि प्रत्येकाच्या ताटात मासा. कुबातसाहेबांचा पायाचा अंगठा पुन्हा सुजलाय. सगळ्या गावाला लेप देतात, पण स्वतःला उपयोग शून्य. तू गेल्यापासून पहिलं व्हायोलिन तेच वाजवतात. उंच सुरांपाशी आले की स्वतःच्याच दुकानातलं औषध प्यायल्यासारखा चेहरा करतात. दुसरं व्हायोलिन रेमिगींकडे, व्हिओला माझ्याकडेच. पाववाली आम्हाला अजून 'चांडाळचौकडी'च म्हणते. रविवारची प्रार्थना सुटली की चौघं एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि घरातल्या मांजरालाही आत घेत नाहीत, असं तिचं म्हणणं. बरोबरच आहे तिचं. आपल्याकडे ऐकायला कोण असायचं? आईसुद्धा स्वयंपाकघरातच बसायची. वाजवणारे तेच ऐकणारे.

बाबांचं सध्या एकच पुराण चालू आहे, काउंटच्या गढीवरचं. तू लहान होतास, तुझ्या कानावर कमी पडलं असेल. चेलो येतो म्हणून त्यांना तिथं ताटं वाहायला ठेवलं होतं. दिवसा पांढरे हातमोजे घालून पाहुण्यांच्या मागं उभं राहायचं आणि संध्याकाळी तेच हातमोजे काढून पडद्याआड वाजवायला बसायचं. सूप आलं की संथ काहीतरी, हरणाचं मांस आलं की जलद. एकदा एका पाहुणीनं फार छान म्हणून टाळ्या वाजवल्या, तर ती चटणीबद्दल बोलत होती. पुढं काउंटला वाद्यवृंद परवडेना. त्यानं सगळ्यांना घरी पाठवलं आणि शेवटची भेट म्हणून बाबांना हा चेलो दिला. काल रात्री जेवताना मला म्हणाले, "पोरी, उभ्या आयुष्यात काही न चावता मला कुणी ऐकलेलं नाही. आता ऐकतील."

हे सगळं तुला लिहिलं म्हणजे मी खूश नाही असं समजू नकोस. फक्त थोडा विचार कर. जानेवारीतले रस्ते तुला माहीत आहेत. चेलो टपालगाडीच्या टपावर ठेवता येत नाही आणि आत ठेवला तर बाबांना टपावर बसावं लागेल. त्यांचे गुडघे धरतात. दुपारी झोपल्याशिवाय त्यांना चालत नाही. शिवाय तू पाठवलेली नव्या रचनेची चेलोची पानं मी पाहिली. आपण वाजवतो तसं हे नाही रे. आपल्या जुन्या रचनांत व्हायोलिन बोलतं आणि चेलो हं हं म्हणतो. इथं चेलोच आधी तोंड उघडतो, एकटा, आणि मधेही सगळे थांबले की पुन्हा तोच. तुझा नेहमीचा चेलोवाला रशियाला निघाला हे वाचलं, पण एवढ्या व्हिएन्नात दुसरा मिळत नाही का? नाही म्हणून नको सांगूस, उगाच विचारते आहे.

आणखी एक. पत्रात तू स्वतःचं लिहिलंस, दुसऱ्या व्हायोलिनवाल्याचं लिहिलंस, बाबांचं लिहिलंस. व्हिओला कोण वाजवणार ते कुठं दिसलं नाही. सहज आपलं.

गळ्याला गरम कपडा गुंडाळत जा. लहानपणचा तुझा खोकला मी विसरलेले नाही.

तुझी
ताई

*

टेल्च, १४ नोव्हेंबर १८२४

चि. किलिआन यास आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं. या वेळी मी वेशीपर्यंत जाऊन टपालगाडी गाठली, म्हणून ते मला एकटीला वाचता आलं. बरंच झालं.

तू रागावलास. माझी कारणं तुला भिकारड्या कोटाच्या अस्तरासारखी वाटली, कुठूनही बोट आरपार जाणारी. हे छान लिहिलंस. मी बाबांना पेटीत घालून कुलूप लावते, मी विधवा होऊन घरी आले आणि माझ्याबरोबर त्यांचंही जग बंद केलं, हे तितकंसं छान लिहिलं नाहीस. पण असू दे. धाकटा आहेस, बोलून घे.

व्हिओलासाठी नाटकगृहातला माणूस मिळाला हे कळलं. कसलेला आहे म्हणतोस. आणि माझ्याबद्दल लिहिलंस: 'ताई, तू त्याच्यापेक्षा बरी वाजवतेस, पण इथं बाई हातात गज घेऊन बसली तर लोक ऐकणार नाहीत, बघत बसतील.' खरं असेल ते. पत्राच्या तळाशी तू कोण कुठं बसणार त्याचं चित्रही काढलंस. आपल्याकडे चार खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून असतात, तुझ्याकडे त्या लोकांच्या दिशेनं उघडल्या आहेत. चेलो एका टोकाला. व्हिओला तिथून दूर, दुसऱ्या व्हायोलिनच्या पाठीमागं. ते चित्र मी बराच वेळ बघत बसले.

आता सांगते. सांगायचं नव्हतं.

किलिआन, बाबांना ऐकू येत नाही.

कमी येतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी कमी येत होतं. आता बहुतेक काहीच येत नाही. त्यांच्या मते गावातले लोकच शब्द गिळून बोलायला लागलेत, पाद्रींचा आवाज बसलाय आणि चर्चची मोठी घंटा तडकली आहे. आम्ही हो म्हणतो.

मला कसं कळलं ते ऐक. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, पावसाळी रविवार होता. दमट हवेत आतड्याच्या तारा कशा ढिल्या पडतात तुला माहीत आहे. संथ भागाच्या मध्यावर बाबांच्या चेलोची जाड तार घसरली. थोडीथोडकी नाही, चांगली उतरली. रेमिगी दचकले, कुबातसाहेबांनी गज उचलला. आणि बाबा डोळे अर्धवट मिटून, मान डोलावत, त्या उतरलेल्या तारेवर वाजवत राहिले. किती मनापासून वाजवत होते म्हणून सांगू! आपल्या घरी कुणी चुकलं की सगळ्यांनी थांबायचं आणि हसायचं, हा बाबांचाच नियम. त्या दिवशी कुणी थांबलं नाही. आम्ही तिघं बेसूर चेलोसोबत शेवटपर्यंत गेलो. संपल्यावर बाबा म्हणाले, "आज जमलं." कुबातसाहेब नाक शिंकरायला अंगणात गेले.

तेव्हापासून दर रविवारी, ते प्रार्थनेहून यायच्या आधी, धूळ पुसायच्या निमित्तानं मी चेलो सुरात लावून ठेवते. बोटांना जागा पाठ आहेत. पन्नास वर्षांची बोटं आहेत ती, कानांशिवाय चालतात. आणि कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, कुठं हळू जायचं, हे ते माझ्या गजाकडे बघून ठरवतात. म्हणून मी चेलोला लागून बसते. गज जरा जास्तच उंच उचलते, श्वास दिसेल असा घेते. ते मला म्हणतात, "किती हातवारे करतेस ग, धोबीण कपडे आपटते तशी!" आणि बघत राहतात. आमच्यात याबद्दल एक शब्द झालेला नाही. त्यांना कळलंय की मला कळलंय, असं मला कधी वाटतं, कधी नाही.

सकाळी दार उघडं टाकून ते तुझ्या नव्या रचनेची सुरुवात घोकतात. एकटे असतात तेव्हा एकही चूक नाही. पाववाली खाली उभी राहून ऐकते. काल तर तिनं डोळे पुसले, ती बाई, जिनं नवऱ्याच्या अंत्यविधीलाही पाव विकले. पण तुझ्या हॉलमध्ये त्यांचं तोंड लोकांकडे असणार, आणि व्हिओला पार तिकडे. पहिली ओळ ते अशी वाजवतील की लोक श्वास रोखतील. मग तुम्ही तिघं शिराल, आणि ते कुणाकडे बघतील? तार उतरली तर? दिव्यांची ऊब, गर्दीचे श्वास, उतरणारच. लोक आपल्यासारखे मुकाट्यानं शेवटपर्यंत जाणार नाहीत. व्हिएन्ना हसेल.

म्हणून हात जोडून विचारते. मला बसू दे. त्यांच्या शेजारी, एकाच संध्याकाळी. हवं तर पडदा लाव आणि मला आत बसव. ते वर्षानुवर्षं बसलेच ना पडद्याआड! माझं नाव छापू नकोस. मी त्यांना पार नेईन.

ते शक्य नसेल, तर त्यांना येऊ देऊ नकोस. आणि कारण मात्र त्यांना कळू देऊ नकोस. कसं ते तू बघ. तू हुशार आहेस, व्हिएन्नात राहतोस. पण माझं नाव मधे येता कामा नये. उरलेल्या दिवसांत त्यांनी माझ्या गजाकडे विश्वासानं बघायला हवं, एवढंच मला वाटतं.

संत मार्टिनच्या सणाचा हंस मात्र यंदा चांगला भाजला गेला. तुझ्या वाटची तंगडी बाबांनी खाल्ली, तुझ्या नावानं.

ताई

*

टेल्च, रविवार, १६ जानेवारी १८२५

किलिआन,

आज तुझा हॉल भरला असेल. मी हे लिहायला घेते आहे तेव्हा तुम्ही आत जाऊन बसतही असाल. सगळं सुखरूप पार पडो.

नाताळच्या आधी तुझी दोन पत्रं आली, एक बाबांना, एक मला. बाबांनी त्यांचं नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला घेतलं. घरात कुबातसाहेब होते, रेमिगी होते, पाववालीही काहीतरी निमित्त काढून आली होती. "तीर्थरूप बाबांस," त्यांनी सुरुवात केली. मग 'नवा चेलोवादक मिळाला आहे' इथवर वाचलं. मग पुढचं मनात वाचलं. ओठ हलत होते, तेवढं मला दिसलं. 'आता तुमचं वय झालं. तुमचा हात जुन्या वळणाचा आहे, इथल्या लोकांना तो चालणार नाही.' हे मी नंतर वाचलं. हे तू लिहिलंस.

बाबांनी कागदाची घडी घातली. "थंडीचे रस्ते बंद असतात म्हणे," ते लोकांना म्हणाले. "मुलगा काळजी करतो." सगळे गेल्यावर माझ्याकडे वळले, "काउंटनं काढलं तेव्हा निदान चेलो हातात देऊन काढलं. या पोरानं नुसता कागद दिला."

नाताळच्या जेवणाला कुबातसाहेबांना राहवलं नाही. "किलिआनकडून काही..." एवढंच म्हणाले. बाबांनी या वेळी ओठ बरोबर वाचले. माशाचा काटा काढत विचारलं, "कोण किलिआन?"

मला वाटलं होतं तू हॉल मिळाला नाही म्हणशील, आजारी आहे म्हणशील, काहीतरी गोड थाप मारशील. मला लिहिलेल्या पत्रात तू कारण दिलंस: 'पुढं ढकललं म्हटलं तर ते वाट बघत बसतील, ताई. दर महिन्याला विचारतील. राग आला तर वाट बघणार नाहीत.' मी ते वाचलं आणि चुलीजवळच बसले. तू माझ्यापेक्षा त्यांना जास्त ओळखतोस हे मला कधी वाटलंच नव्हतं. मी म्हटलं कारण कळू देऊ नकोस, आणि तू स्वतःलाच कारण करून टाकलंस. मला हे नको होतं रे. मला नेमकं काय हवं होतं ते मात्र गेले तीन आठवडे मी स्वतःला विचारते आहे.

तुझ्याच पत्रात शेवटी एक ओळ आहे. 'तुला बसवता आलं असतं तर बसवलं असतं, पण हॉलचे मालक तयार नाहीत.' म्हणजे तू विचारलंस तरी. ते वाचून मला आधी आनंद झाला. मग वाटलं, ते तयार झाले असते तर मी काय म्हटलं असतं? बाबा नक्की वाजवतील, मी शेजारी आहे ना, असंच म्हटलं असतं. तार उतरण्याची भीती, दिव्यांची ऊब, व्हिएन्नाचं हसणं, यातलं काही मला आठवलं नसतं. तुझं चित्र बघताना मला आधी दिसलं ते बाबा कुणाकडे बघतील हे नव्हतं. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि मी तिच्यात नव्हते, हे मला आधी दिसलं. बाबांना ऐकू येत नाही हे खरंच आहे. पण दोन वर्षं ते मी तुझ्यापासून लपवलं आणि माझ्या जागी दुसरा बसणार म्हटल्यावर चार दिवसांत सांगितलं.

कदाचित तुमच्या तालमीत त्या नाटकगृहातल्या माणसाला सांगून ठेवता आलं असतं. गज उंच धर म्हणून. खुर्ची फिरवता आली असती. हे मला आज सुचतंय. तेव्हा मी सुचू दिलं नाही.

आजचं सांगते. आजच्या तारखेची बाबांना कुणी आठवण करून दिली नाही. सकाळी त्यांनी काळा कोट घातला, तो चांगला. प्रार्थनेहून आल्यावर नेहमीची पानं बाजूला सारली आणि तुझ्या रचनेची काढली. बाकी तिघांची पानं तू ऑक्टोबरातच पाठवली होतीस, ती त्यांनी स्वतः आमच्यापुढं मांडली. "हे वाजवू," म्हणाले. कुबातसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही ते कधी एकत्र वाजवलं नव्हतं.

त्यांनी सुरुवात केली. किलिआन, मी तुला कसं सांगू? असा चेलो मी ऐकला नव्हता. चार भिंतींत मावत नव्हता तो. मग आम्ही शिरलो. मी गज उंच धरला, मान हलवली, पायानं ताल दिला, धोबिणीसारखी वागले, आणि ते माझ्याबरोबर आले, वळणावळणाला. कुबातसाहेब दोनदा वाट चुकले, रेमिगी तर पानच उलटायला विसरले. नियमाप्रमाणे थांबायला हवं होतं. पण बाबांना ते कळलंच नाही आणि आम्ही थांबलो नाही. मधली शांतता आली. सगळे गज वर. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी एकट्यानं सुरू करायचं होतं, मी फक्त श्वास घ्यायचा होता. मी घेतला आणि ते अचूक आले. तुझ्या हॉलमध्येही असेच आले असते, असं त्या क्षणी मला अगदी स्वच्छ वाटलं.

पाहुणे गेले. बाबा खुर्चीतच बसून फडक्यानं तारांवर साचलेली गजाची राळ पुसत होते. माझ्याकडे पाठ होती. म्हणाले, "त्याला मी म्हातारा वाटतो. वाटू दे. तू तरी माझ्यापासून काही लपवत नाहीस, पोरी."

मी त्यांच्या मागं उभी होते. मी बोलले. अगदी मोठ्यानं बोलले, खाली रस्त्यावर ऐकू गेलं असेल. "बाबा, किलिआननं ते स्वतःहून लिहिलं नाही. मी लिहायला लावलं. तो तुम्हाला नेणार होता."

ते तार पुसत राहिले. जाड तारेपर्यंत आले, ती बोटानं छेडली, जरा वेळ हात तिच्यावर ठेवून बसले आणि पुन्हा पुसायला लागले.

खुर्चीला वळसा घालून त्यांच्यासमोर जायचं, एवढंच राहिलं होतं. समोर उभी राहून हळू बोलले असते तरी त्यांनी ओठांवरून ओळखलं असतं. मी गेले नाही. स्वयंपाकघरात जाऊन सूप गरम करायला ठेवलं. आता तुला लिहिते आहे.

बाबांचा आशीर्वाद तुला कळवता येत नाही. तो मिळेपर्यंत माझाच घे म्हणावं, तर माझा तरी घेण्याजोगा उरला आहे का, ते तूच ठरव.

अपोलेना